धोंडीभाऊ बिनमासे

धोंडीभाऊंना बोट लागायची. वारा नसला, बोट किनाऱ्याला बांधलेली असली, तरी लागायची. पोहायला येत नव्हतं. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मासळी वर्ज्य. घरात कोणी सुकट भाजायला घेतली की ते उठून अंगणात जाऊन बसत. एवढं भांडवल घेऊन हा माणूस मॉरिशसच्या सरकारी नोकरीत मासळीच्या खात्यात शिरला आणि बेटाभोवतीचे मासे, मासेमार आणि पोवळ्यांचे खडक यांचा अभ्यास करण्यात त्यानं आपली उमेदीची वर्षं घातली. खात्यातले बाकीचे आम्ही सगळे पोहणारे होतो. मासे तर विचारूच नका, रोज खात होतो. समुद्रावर मात्र आमच्यापैकी कोणी जात नव्हतं.

मी पोर्ट लुईच्या कचेरीत कारकून होतो. घर सें पिएरला. धोंडीभाऊंची मुलाखत झाली तेव्हा मी कागद घेऊन साहेबांच्या मागे उभा होतो, म्हणून ती मला फुकटात ऐकायला मिळाली. पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं आणि आमचे साहेब अजून इंग्रजच असायचे.

"पोहता येतं का?" साहेबांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग समुद्रावर काम कसं करणार?"

"बोटीत बसून, सर. पोहायची वेळ आली म्हणजे काम तसंही बुडालेलंच असेल."

साहेब हसले. आमच्याकडे साहेब हसले की माणूस नोकरीला लागला असं समजायचं.

त्याआधी धोंडीभाऊ कांप दे मास्कजवळच्या एका शाळेत मास्तर होते. तिथल्या वाचनाच्या पुस्तकात थंड देशातल्या कुठल्याशा माशावर धडा होता. पोरांनी विचारलं, मास्तर, हा मासा आपल्याकडे मिळतो का? धोंडीभाऊ म्हणाले, चला, विचारून येऊ. आणि अख्खा वर्ग बसमध्ये घालून समुद्रावर घेऊन गेले. नेमका त्याच दिवशी तपासनीस शाळेत आला. वर्गात फळा होता, खडू होता, बाकं होती. तपासनिसानं शेऱ्यात काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण धोंडीभाऊ म्हणत, "पोरांना मासा बघायचा होता नि त्याला पोरं बघायची होती. दोघांचं एकाच दिवशी कसं जमायचं?"

खात्याची एक मोटरलाँच होती. रविवारी तीतून साहेबांचे पाहुणे लहान बेटांवर सहलीला जात, आणि सोमवार ते शनिवार ती दुरुस्तीत असे. धोंडीभाऊंनी भांडून ती एकदा मिळवली, पूर्व किनाऱ्यावरच्या आन्स-कोराय नावाच्या मासेमारांच्या गावी नेली आणि दुसऱ्याच दिवशी परत आणून लावली.

"शंकर," ते मला म्हणाले, "ह्या डब्याचा आवाज ऐकून आधी मासे पळतात, मंग मासेमार पळतात. मी पोचतो तवा नुसतं पाणी राहतं. पाण्याचा अभ्यास करायला मी न्हाई लागलो."

ते खरंच होतं. लाँच म्हणजे पोलीस, असं तिथले लोक समजत. दुरून धडधड ऐकू आली की बंदी असलेली बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची, जाळी वाळूत पुरली जात आणि सगळा गाव चर्चमध्ये मिस्साला जाऊन आल्यासारखा शांत चेहरा करून दारात बसे. म्हणून धोंडीभाऊंनी शिडाची होडी मागितली. आमच्याकडे तिला पिरोग म्हणतात. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. या जमान्यात शीड? धोंडीभाऊ म्हणाले, "सर, पेट्रोलला तुमची सही लागते. वाऱ्याला लागत नाही." सही वाचते हे कळल्यावर साहेबांना कल्पना आवडली.

अशी 'सेंत तेरेझ' आली. जुनी, निळा रंग उडालेली, नाकावर त्या संत बाईचं नाव. होडीचं नाव बदलणं अशुभ, असं बरोबर आलेल्या नावाड्यानं बजावलं, म्हणून धोंडीभाऊंनी ते बदललं नाही. पण दसऱ्याला सेंत तेरेझच्या नाकाला हळदकुंकू लागे आणि झेंडूची माळ पडे. तिनं कधी तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

नावाडी म्हणजे तोंतों गास्तों. तोंतों म्हणजे काका. उंच, काळा, दात थोडे आणि बोलणं फार. म्हाताऱ्या कोळ्यांना समुद्राचं सगळं गुपित ठाऊक असतं असं लोक म्हणतात, पण गास्तोंला जे ठाऊक होतं त्यातलं बहुतेक त्यानं स्वतः रचलेलं होतं. पौर्णिमेला आपली मेलेली आई खडकाच्या खिंडीत उभी राहून मासे आत ढकलते, असं तो शपथेवर सांगे. धोंडीभाऊ त्याचं प्रत्येक विधान पडताळून बघत आणि ते खोटं निघालं की त्याला नीट कळवत. गास्तों म्हणे, "मग त्या दिवशी आईची तब्येत बरी नसेल."

मी विचारलं, "असल्या थापाड्याला कशाला ठेवता?"

"त्याचं तोंड खोटं बोलतं, पण शिडावरचा हात खरा हाय. आपल्या खात्यात उलटं असतं."

एकदा त्यांनी मलाही ओढून नेलं. सकाळची वेळ, वारा मऊ, शीड भरलं आणि आवाज न करता आम्ही निघालो. थोड्या वेळानं धोंडीभाऊ एका बाजूला वाकले आणि सकाळचा चहा समुद्राला परत केला. गास्तोंनं शिडाची दोरी जरासुद्धा ढिली केली नाही. हे त्याच्या रोजच्या वेळापत्रकातलं होतं. मग तोंड धुऊन, तळाला काच बसवलेला एक पत्र्याचा डबा पाण्यावर टेकवून ते मला म्हणाले, "हं, आता बघ. मगाशी मी खाली जेवण धाडलंय, मंडळी जमली असतील."

मी बघितलं. बेटावर जन्मलो, वाढलो, पण त्या पाण्याखाली काय आहे हे मी कधी बघितलं नव्हतं. आमचे आजे-पणजे जहाजातून उतरले ते थेट उसात शिरले. समुद्राकडे पाठ करून उभं राहायची सवय आमच्या रक्तातच. खाली हरणाच्या शिंगांसारखी पोवळ्यांची झाडी होती, जांभळी, पिवळी, आणि तिच्यातून पोपटासारखे हिरवे मासे कुरतडत फिरत होते. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. होडी थोडी पुढे सरकली आणि झाडी एकदम संपली. नुसती पांढरी भुई. जत्रा उठून गेल्यावर मैदान दिसतं तशी.

"इथलं काय झालं?"

"चुना झाला," धोंडीभाऊ म्हणाले.

किनाऱ्यावर एक चुनाभट्टी होती. पहारीनं जिवंत पोवळं फोडायचं, वाळवायचं, भाजायचं, की चुना. तो घरांना लागे आणि साखर कारखान्यांनाही लागे, कारण उसाचा रस चुन्यानं निवळतो. हे कळल्या दिवसापासून धोंडीभाऊंनी चहात साखर घेणं बंद केलं. आता हे दुसरीकडे कुठे चाललं असतं. पण कांप दे मास्कला, ऊस लावणाऱ्या थोरल्या भावाच्या घरी, पाहुण्यांसमोर, "वहिनी, बिनसाखरेचा" असं म्हणणं म्हणजे देवळात उभं राहून देव नको म्हणण्यासारखं होतं. भाऊ भडकले. "आपल्या घरची साखर तुला कडू लागते?"

"गोडच लागते, दादा. म्हणून तर भीती वाटते."

वहिनींनी मुकाट्यानं बिनसाखरेचा चहा दिला आणि आत जाऊन जाऊबाईंना सांगितलं, की भावजींचं लग्न वेळेवर केलं असतं तर हे दिवस आले नसते.

आन्स-कोरायच्या लोकांनी मात्र त्यांना लवकर आपलंसं केलं, आणि त्याचं कारण अगदी साधं होतं. आधीचे सरकारी अधिकारी 'तपासणीसाठी' चांगला मोठा मासा उचलत आणि तपासणी आपापल्या स्वयंपाकघरात करीत. हा माणूस मासा हातात घेई, मोजे, पोट बघे आणि परत देई. गावानं पहिले काही आठवडे वाट बघितली, की आता मागेल, मग मागेल. शेवटी गावानं धोंडीभाऊंचं नाव ठेवलं मिस्ये सां-प्वासों. म्हणजे बिनमासे. लग्नपत्रिकेवर छापावं अशा अभिमानानं धोंडीभाऊ ते नाव सांगत.

त्या गावात मादाम एलियेत राहायची. विधवा, रुंद हाडाची, डोक्यावर गवती टोपी. ओहोटीला बायका खडकांवर चालत जाऊन लोखंडी काट्यानं उरित मारत. उरित म्हणजे आठ पायांचं माकूल. एलियेत त्या बायकांची पुढारी होती. तिला कोणी निवडलं नव्हतं, पण तिच्यापेक्षा मोठा आवाज कोणाचा नव्हता.

"तू खात नाहीस, मग तुला मासे राहिले काय नि गेले काय?" तिनं पहिल्याच दिवशी त्यांना झाडलं.

"खाणाऱ्याला घाई असते, मादाम. मला न्हाई. म्हणून मी विचारत बसतो."

"मग विचार."

त्यांनी विचारलं, उरित एवढंसं का? लिंबाएवढं डोकं, हे काय मारण्यासारखं आहे? ती म्हणाली, तिच्या आईच्या वेळी ते नारळाएवढं असे. आईच्या वेळी काय वेगळं होतं? ती विचार करत म्हणाली, आई वर्षातले काही महिने खडकावर जाऊ देत नसे. म्हणे, उरिताची आई घरात असते. धोंडीभाऊंनी त्यावर वर्षभर होडी घालून, डबा लावून बघितलं. गास्तोंच्या आईपेक्षा एलियेतची आई भरवशाची निघाली. मादी अंडी राखत बिळात बसते ते महिने खरेच तेच होते.

मग एक दिवस किनाऱ्यावर सभा भरली. धोंडीभाऊंनी सुचवलं, खडकाचा एक तुकडा काही महिने बंद ठेवायचा, तिथे कोणी काही मारायचं नाही, फोडायचं नाही. पुरुषांनी आरडाओरडा केला. रापणीची मोठी जाळी ओढणारे पिंजरे लावणाऱ्यांवर घसरले, पिंजरेवाले गळवाल्यांवर. दमून सगळे गप्प झाले तेव्हा एलियेत उठली, घरात गेली आणि आपले जुने लाल परकर घेऊन आली. बायकांनी ते बांबूंवर बांधले आणि पाण्यात त्या तुकड्याभोवती रोवले.

"आता माझ्या परकराखालून कोण जातो, ते मला बघायचंय," एलियेत म्हणाली.

कोणी गेलं नाही. सरकारच्या पाट्यांना न भिणारे धटिंगण त्या परकरांना लांबून वळसा घालून जात. तो तुकडा म्हणजे बंद पाणी. धोंडीभाऊंनी आपल्या रिपोर्टात 'लाल निशाणांनी हद्द दर्शविली आहे' असं लिहिलं. निशाणं कसली हे साहेबांनी विचारलं नाही, हे खात्याच्या अब्रूच्या दृष्टीनं बरं झालं.

चुनाभट्टी गोविंदशेठ कंत्राटदारांची होती, आणि ते आमच्याच समाजाचे होते. मराठी मंडळाचे अध्यक्ष. गोरेपान, सोन्याची साखळी, बोलण्यात लोणी. धोंडीभाऊंच्या थोरल्या भावाचा ऊस त्यांच्याच लॉरीतून कारखान्यात जाई. गणपती ते फार थाटात करीत. त्या वर्षी कांप दे मास्कहून, लालमतीहून सजवलेल्या लॉऱ्या आल्या, झाकडीवाले नाचत आले, मोदकांबरोबर तिखट गातो-पिमांची भजी वाटली गेली, आणि विसर्जनासाठी शेठनी पसंत केलं ते बंद पाणी. तिथं लाट नसे, फोटो चांगला येई.

मूर्ती पिरोगीवर चढवणार तोच धोंडीभाऊ पुढे येऊन उभे राहिले. मी आमच्या सें पिएरच्या मंडळींबरोबर होतो. मला वाटलं, आरती म्हणायला आले असतील.

"धोंडी, बाजूला हो," गोविंदशेठ हसत म्हणाले. "बाप्पाला उशीर होतोय."

"बाप्पाला घाई न्हाई, शेठ. जरा पल्याड खाडीच्या तोंडाशी वाळू हाय, तिथं न्या."

"का? इथं काय वाईट हाय?"

"इथं कुणाचं तरी घर हाय."

"समुद्र काय तुझ्या बापाचा?"

"माझ्या न्हाई. बाप्पाचा, असं तुम्हीच म्हणता." आता ढोल थांबले होते. "आज वाजतगाजत ज्या घरी तुम्ही त्याला धाडताय, त्याच घराचे दगड उद्यापासून भट्टीत घालणार. पाहुण्याला घरी पोचवायचं नि मागनं त्याचं घर जाळायचं, ही कुठली रीत?"

कोणीतरी म्हातारी फस्सकन हसली. बाकी सगळे मूर्तीकडे बघू लागले, कारण शेठकडे बघायची सोय नव्हती. मग एकदम सगळेच बोलायला लागले. धर्म, अपमान, सरकारी माज, वाडवडील, सगळं निघालं. थोरले भाऊ पुढे आले आणि हात जोडून धोंडीभाऊंना म्हणाले, "घरी चल. माझ्या तोंडाकडे बघ नि चल." धोंडीभाऊंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, पण जागचे हलले नाहीत. हे सगळं एवढा वेळ चाललं, की ओहोटी लागली आणि पिरोग वाळूत बसली. गणपती अखेर खाडीच्या तोंडाशीच न्यावा लागला. लोक म्हणाले, बाप्पाची इच्छा. धोंडीभाऊ म्हणाले, चंद्राची.

पण त्याची किंमत मोजावी लागली. भावाच्या उसाला ऐन तोडणीत लॉरी मिळेना. भावानं बोलणं टाकलं. कांप दे मास्कला धोंडीभाऊ गेले तर वहिनी मागच्या दाराशी चहा आणून देत, बिनसाखरेचा, आणि डोळे पुसत. मंडळातून त्यांचं नाव गेलं. आणि आमच्या कचेरीत तक्रार आली, की सदर इसमानं धर्मकार्यात अडथळा आणला आणि सरकारी होडी बायकांच्या नादात वापरली.

साहेबांनी त्यांना बोलावलं. तेवढ्यात बाहेरच्या जिन्यावर गलका झाला. आन्स-कोरायच्या बायका पहिल्या बसनं आल्या होत्या, टोपल्या घेऊन. शिपायानं अडवलं तर एलियेतनं टोपली त्याच्याच हातात दिली आणि आत आली. तिनं टोपलीतून एक उरित काढलं, नारळाएवढं नव्हे, पण चांगलं संत्र्याहून मोठं, आणि साहेबांच्या टेबलावर, शाईच्या दौतीशेजारी ठेवलं. त्याचे पाय हळूहळू कागदांवर पसरले.

"हे बंद पाण्यातलं, महिने भरल्यावर मारलेलं," ती म्हणाली. "ह्या मिस्येनं ते एकदाही मागितलं नाही. तुमच्याकडे असा दुसरा आहे का? असला तर ह्याला ठेवा, त्याला पाठवा."

साहेबांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही खिडकीबाहेर बघितलं.

नोकरी वाचली, समुद्र गेला. धोंडीभाऊंना पोर्ट लुईत माझ्या शेजारच्या टेबलावर परवान्यांचं काम मिळालं आणि सेंत तेरेझ विकून टाकण्याचा हुकूम निघाला. हुकूम आन्स-कोरायला पोचला तेव्हा होडी सापडेना. गास्तोंनं लिहून दिलं, की ती रागावून निघून गेली असावी. दर शनिवारी दुपारी धोंडीभाऊ बस पकडत आणि सोमवारी खारट कपड्यांत कामावर येत. कुठे जाता हे मी विचारलं नाही. टेबलापाशी ते शिक्के मारत तेव्हा त्यांचा चेहरा होडीत होई तसाच हिरवा असे. मला वाटतं, जमीनही त्यांना लागायला लागली होती.

आणि साठ साली कारोल नावाचं चक्रीवादळ आलं. तो वादळाचा तडाखा ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको, न बघितलेल्यांना सांगता येत नाही. ऊस झोपला, पत्रे उडाले, गावंच्या गावं उघडी पडली. किनाऱ्यावरच्या मासेमारांचं काय झालं हे सरकारला हवं होतं, आणि कुठल्या खोपटात कोण राहतं हे कचेरीत एकाच माणसाला माहीत होतं. परवान्यांचं टेबल रिकामं झालं. यावेळी साहेबांनी मलाही बरोबर धाडलं.

आन्स-कोरायला एक घर उभं नव्हतं. सेंत तेरेझ मात्र सापडली, किनाऱ्यापासून आत एका उसाच्या शेतात, सरळ उभी, नांगर टाकल्यासारखी. गास्तों तिच्यात बसून पाइप ओढत होता. "बघा," तो म्हणाला, "तुमच्या लोकांबरोबर राहून हिला पण उसात नोकरी हवी झाली." आम्ही तिघेही हसलो. फार दिवसांत कोणी हसलं नव्हतं, म्हणून जरा जास्तच हसलो.

एलियेत हसत नव्हती. तिचं खोपट गवताचं होतं, त्याचा मागमूसही उरला नव्हता. ती दगडावर बसून होती.

"मला आता गवताचं घर नको," ती म्हणाली. "मला भिंती हव्यात. चुन्याच्या. गोविंदशेठची माणसं येऊन गेली. बंद पाणी उघडून द्या, पोवळं काढू द्या, म्हणतात, चुना स्वस्तात देऊ."

धोंडीभाऊंनी बंद पाण्याकडे बघितलं.

"उरिताला घर आहे. माशाला घर आहे. मला नको?" तिचा आवाज फाटला. "बोल ना, मिस्ये! एरवी तर तुझ्या तोंडाला दार नसतं!"

धोंडीभाऊ तिच्याशेजारी वाळूत बसले. मग ते उठले आणि किनाऱ्यानं चालू लागले. परत आले तेव्हा धोतराचा ओचा भरलेला होता. त्यांनी तो तिच्यापुढे रिकामा केला. पांढरी, तुटकी, वाळलेली पोवळी. वादळानं खडकाचा सगळा बाहेरचा भाग मोडून किनाऱ्यावर आणून टाकला होता. त्या टोकाला तर कमरेएवढे ढीग लागले होते.

"हे मेलेलं हाय," ते म्हणाले. "ह्यातनं तुझ्या भिंती होतील. सगळ्या गावाच्या होतील. फक्त गोळा करायला पाहिजे."

गाव लागलं कामाला. बायका, पुरुष, रापणवाले, पिंजरेवाले, टोपल्या नि पोती घेऊन. धोंडीभाऊ डोक्यावर टोपली घेऊन चुनाभट्टीवर गेले, आणि मी त्यांच्यामागे. गोविंदशेठ तिथे उभे होते. त्यांच्याही घराचं छप्पर गेलं होतं, सोन्याची साखळी मात्र होती. विसर्जनानंतर दोघं पहिल्यांदाच समोरासमोर येत होते.

"काय धोंडी, आता तू पण भट्टीवाला?"

धोंडीभाऊंनी टोपली उतरवली. "शेठ, मेलेल्याला अग्नी द्यायला आपल्यात ना न्हाई. जिवंताला चितेवर ठेवत जाऊ नका, एवढंच माझं म्हणणं होतं. त्या दिवशी चारचौघांत बोललो ते चुकलं असेल. पण म्हणणं तेच हाय."

गोविंदशेठ पोवळ्याचा एक तुकडा उचलून उगीचच बघत राहिले. मग भट्टीवाल्याला म्हणाले, "घे आत." आणि थोड्या वेळानं, कोणाकडेच न बघता, "फुकट मिळतंय ते कशाला सोडा."

ते संत झाले असं मी म्हणणार नाही. किनाऱ्यावरचे ढीग संपल्यावर त्यांची माणसं पहारी घेऊन दुसऱ्या गावांच्या खडकांवर गेली, आणि ते पांढरे डाग आजही तिथे आहेत. पण आन्स-कोरायच्या बंद पाण्यात ती कधी आली नाहीत. पुढच्या हंगामात धोंडीभाऊंच्या भावाच्या दारात लॉरी आपण होऊन उभी राहिली. भाऊ बोलायला लागले. पहिलं वाक्य बोलले ते, "चहा घेशील?" धोंडीभाऊ हो म्हणाले आणि भावानं स्वतःच आत ओरडून सांगितलं, "साखर घालू नको गं, आपला शहाणा आलाय."

नव्या परकरांनी पुन्हा वेढलेलं ते पाणी ठरलेल्या महिन्यांनंतर उघडलं, तेव्हा पहिलं उरित एलियेतनं धोंडीभाऊंना भेट दिलं. नारळाएवढं होतं. अख्ख्या गावात जो एकच माणूस ते खाऊ शकत नव्हता, त्याला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि सोमवारी माझ्या टेबलावर आणून ठेवलं. बायकोनं लसूण-मसाल्यात केलं. आयुष्यात तसं उरित मी पुन्हा खाल्लं नाही.

नोकरी सोडल्यावर ते आन्स-कोरायलाच राहायला गेले, एलियेतच्या चुन्याच्या भिंतींच्या घरापलीकडे एक खोली बांधून. लोक नाही नाही ते बोलत. ते खरं की खोटं मला माहीत नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, म्हणून मी विचारलं नाही.

मग स्वातंत्र्याच्या आधीची ती वाईट वर्षं आली. क्रिओल, म्हणजे एलियेत-गास्तोंसारखे आफ्रिकी वंशाचे ख्रिस्ती, एकीकडे, हिंदू एकीकडे, ठिकठिकाणी मारामाऱ्या, गोऱ्या सैनिकांच्या गाड्या रस्त्यावर. मासेमारांच्या त्या गावात हिंदू माणूस एकटाच, हे आठवून थोरल्या भावांचं धाबं दणाणलं. त्यांनी एक मोटार केली, मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तुझं ऐकेल. आज घेऊनच ये."

मी दुपारी पोचलो. वाटेत दोन गावांत दारं बंद होती. ड्रायव्हर गाडीतून उतरायला तयार नव्हता. एलियेतच्या घरासमोर बदामाच्या झाडाखाली टेबल टाकून चौघं दोमिनो खेळत बसली होती: एलियेत, रापणवाले दोघं आणि धोंडीभाऊ. केस पिकले होते. अंगात बनियन, गळ्यात माळ, समोर सोंगट्या.

"धोंडीभाऊ, चला," मी म्हटलं. "दादांनी गाडी धाडलीय. दिवस बरे नाहीत."

"कोण मारणार हाय मला?" त्यांनी सोंगट्यांवरून नजर न काढता विचारलं.

"बाहेरचे लोक येतील. ओळख न दाखवता मारतात."

"बाहेरच्यांना आधी मला विचारावं लागेल," एलियेत म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पण तू ह्याला नेऊ नकोस. निघालाच तर भीतीनं नाही निघणार तो. हरतोय, म्हणून पळायला बघतोय."

"मी हरतोय?" धोंडीभाऊ उसळले. "शंकर, जरा थांब. ही बाई काय बोलते ऐकलंस? दादाला सांग, हा डाव झाला की बघू."

मी थांबलो. तो डाव झाला. लगेच दुसरा मांडला गेला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, आणि कोणी मान वर केली नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला; त्यांनी डाव्या हातानं तो थोपटला आणि उजव्या हातानं सोंगटी चाचपत राहिले. मग मी गाडीत बसलो.

गाडी वळताना मी मागे बघितलं. धोंडीभाऊ अर्धवट उभे राहिले होते, हात डोक्यावर उचललेला. त्यांनी सोंगटी टेबलावर अशी आपटली, की बाकीच्या सगळ्या उडाल्या. एलियेतनं ती उचलली, उलटी करून बघितली आणि बदामाचं झाड हलेल अशा आवाजात ओरडली, "वोलेर! चोर! ही मघाशीच तू लावली होतीस!"

आणि धोंडीभाऊ पोट धरून हसत होते.